गोदावरी खोऱ्यात परक्या माशांचा प्रसार रोखण्यासाठी दाद नेमकी कोणाकडे मागावी?

कादवाकाठ (निफाड)

सर्वांना नमस्कार. मी निफाड तालुक्यात कादवा नदीच्या काठी द्राक्षबाग करतो आणि आमच्या गावच्या जैवविविधता व्यवस्थापन समितीचा सदस्य आहे. येत्या ग्रामसभेत एक ठराव मांडण्याचे आमच्या समितीने ठरवले आहे, परंतु त्याचा मसुदा लिहिताना मी अडलो आहे. म्हणून जाणकारांचे मार्गदर्शन मागत आहे.

फाल्गुनात पाणी उतरल्यावर गावातील एका मच्छीमार काकांसोबत मी पहाटे जाळे काढायला गेलो होतो. जाळ्यात तीसेक मासे होते. त्यांत एक वाम, दोन शिंगटे आणि बाकी सगळी चिलापी (तिलापिया) हा परका मासा होता. काकांनी त्यातली एक मादी हातात घेऊन अंगठ्याने तिचा जबडा हलकेच उघडला, तेव्हा मोहरीएवढी पिवळसर अंडी त्यांच्या तळहातावर सांडली. चिलापीची मादी अंडी तोंडातच उबवते आणि पिल्ले पोहू लागली तरी धोका जाणवताच त्यांना पुन्हा तोंडात घेते, हे मी वाचले होते, पण पाहिले नव्हते. "आमच्या वडिलांच्या जाळ्यात मरळ, वाम, शिंगटा असं सगळं यायचं. आता जाळं जड लागतं, पण उघडलं की एकच जात," असे काका म्हणाले.

त्यानंतर मी तीन कार्यालयांत जाऊन आलो. पहिल्या ठिकाणी सांगण्यात आले की मासा हा विषय त्यांचा असला तरी नदीपात्रावर त्यांचा अधिकार नाही. दुसऱ्या ठिकाणी पात्र त्यांच्या ताब्यात होते, पण माशांशी त्यांचा संबंध नव्हता. तिसऱ्या ठिकाणच्या अधिकाऱ्यांनी आस्थेने ऐकून घेतले, मात्र आमचे गाव अभयारण्याच्या हद्दीबाहेर असल्याने त्यांना काही करता येत नव्हते. आमच्या गावापासून थोड्याच अंतरावर कादवा गोदावरीला मिळते आणि तिथेच नांदूर मधमेश्वरचा जलाशय आहे. आंतरराष्ट्रीय महत्त्वाच्या पाणथळ जागांच्या रामसर यादीत स्थान मिळालेले महाराष्ट्रातील ते पहिले पाणथळ क्षेत्र आहे. आमच्या नदीत वाढलेला मासा तिथे पोहोचायला एक पावसाळा पुरेसा आहे.

माझा प्रश्न असा की ठरावात नेमकी मागणी काय करावी आणि ती कोणाकडे करावी? चिलापी व आफ्रिकन मांगूर या परक्या माशांवर बंदी मागावी, ते पकडून काढण्याची मोहीम मागावी, की आणखी काही?

पाटबंधारे निवृत्त (नाशिक रोड)

आपण तीन कार्यालयांचा जो अनुभव लिहिला आहे, तो मी टेबलाच्या दुसऱ्या बाजूने घेतलेला आहे. धरणावर असताना जलाशयात कोणते मत्स्यबीज सोडले जात आहे, हे आम्हाला बहुतेक वेळा टेम्पो येऊन उभा राहिल्यावर कळत असे. तो आमचा विषय नाही, असे आम्हीही मानत होतो, आणि ते चुकीचे होते, असे आज वाटते.

पाण्याच्या बाबतीत गोदावरीचे खोरे एकच आहे, हे मान्य व्हायला आपल्याकडे पुष्कळ वर्षे गेली, वाद झाले, न्यायालयात जावे लागले. पण शेवटी २००५ चा महाराष्ट्र जलसंपत्ती नियमन प्राधिकरण अधिनियम आला, समन्यायी वाटपाचे तत्त्व आले आणि १५ ऑक्टोबरला जायकवाडीत उपयुक्त साठा ६५ टक्क्यांपेक्षा कमी असेल, तर नाशिक व नगरच्या धरणांतून खाली पाणी सोडायचे, असा नियम ठरला. दारणेतून किती गेले, गंगापूरमधून किती, वाटेत तूट किती, याचा तक्ता तयार होतो. त्या पाण्यासोबत वरच्या धरणांतले मासे, पिल्ले, अंडी हेही जायकवाडीला जातात. त्यांच्यासाठी मात्र तक्त्यात रकाना नाही. पाण्यासाठी आपण खोरे हे एकक मानतो आणि माशांसाठी तलाव हे एकक मानतो, ही खरी विसंगती आहे.

आणखी दोन गोष्टी आपल्या मसुद्यासाठी सुचवतो. नांदूर मधमेश्वरचा बंधारा १९०७ ते १९१३ या काळात बांधला गेला. तेथून निघणारे कालवे आणि वैजापूर, गंगापूर तालुक्यांकडे जाणारा जलद कालवा या सर्वांतून मासा प्रवास करतो. म्हणजे प्रसार केवळ नदीच्या उतारानेच होतो असे नाही, तर आपण खोदलेल्या वाटांनीही होतो. त्याहून मोठी बाब पुढे आहे. दमणगंगा, वैतरणा, उल्हास या पश्चिमवाहिनी नद्यांचे पाणी सह्याद्री ओलांडून गोदावरी खोऱ्यात आणण्याच्या योजना आहेत. नाशिकला पाण्याची निकड आहे आणि मी या योजनांच्या बाजूचा आहे. परंतु सह्याद्रीच्या माथ्याने जी दोन मत्स्यविश्वे लाखो वर्षे वेगळी ठेवली, ती आपण बोगद्याने जोडणार असू, तर दोन्ही बाजूंच्या माशांची यादी काम सुरू होण्यापूर्वी हाती असली पाहिजे. पाणी एकदा वाहू लागल्यावर ती यादी करून उपयोग नाही.

शेततळ्यांचेही पाहावे. २०१६ च्या 'मागेल त्याला शेततळे' योजनेनंतर आपल्या भागात प्लास्टिक अस्तराची तळी मोठ्या संख्येने झाली आणि अनेकांनी जोडधंदा म्हणून त्यांत मासे सोडले. तळे भरून वाहिले की ते पाणी ओहोळाला, ओहोळ कादवेला. आपण स्वतः द्राक्ष बागायतदार आहात, तेव्हा ही सुरुवात आपल्या तळ्याच्या सांडव्यावर जाळी बसवून करता येईल. मात्र जाळीने मोठा मासा अडेल, पिल्लू अडेलच असे नाही.

प्राणिशास्त्र अध्यापक (कॉलेज रोड)

मसुद्यात "परके मासे" असा सरसकट शब्द वापरू नये, अशी माझी पहिली विनंती आहे. आपल्या जलाशयांतले परके मासे चार वेगवेगळ्या दारांनी आत आले आहेत आणि प्रत्येक दाराची किल्ली वेगळ्या हातात आहे.

पहिले दार अन्नाचे. सायप्रिनस (कॉमन कार्प) १९३९ मध्ये निलगिरीत आणला गेला आणि त्याची दुसरी, उष्ण हवामानात वाढणारी जात १९५७ मध्ये आली. चंदेरा (सिल्व्हर कार्प) आणि गवत्या (ग्रास कार्प) १९५९ मध्ये आले. हे सर्व देशाला प्रथिने हवी होती म्हणून, अधिकृतपणे, चांगल्या हेतूने आणले गेले. मोझांबिक चिलापी १९५२ मध्ये आली आणि तिचा वेग लक्षात आल्यावर १९५९ मध्ये तिच्या प्रसारावर बंदी घालण्यात आली. म्हणजे आणणे आणि पस्तावणे यांत अवघी सात वर्षे गेली, परंतु तेवढ्यात मासा आपल्या हातून सुटला होता. पुढे १९७० च्या दशकाच्या अखेरीस नाईल चिलापी आली. तिच्या शेपटीवर उभे पट्टे असतात, त्यामुळे जाळ्यातही ओळखता येते. तिच्या सुधारित जातीच्या संवर्धनाला आता अटींसह परवानगी आहे. एकाच नावाखाली एक बंदीतला आणि एक परवानगीतला मासा असल्यामुळे "चिलापीवर बंदी" असे नुसते लिहिले, तर ठराव पहिल्याच टेबलावर अडेल.

दुसरे दार चोरट्या व्यापाराचे. आफ्रिकन मांगूर, ज्याला बाजारात थाई मांगूर असेही म्हणतात, त्याच्या संवर्धनावर २००० सालापासून देशात बंदी आहे आणि राष्ट्रीय हरित लवादाने २०१९ मध्ये राज्यांना कारवाईचे निर्देश दिले. तरीही तो वाढवला जातो. कारण तो हवेतून श्वास घेऊ शकतो, घाण पाण्यात तगतो, कत्तलखान्यातील टाकाऊ मांसावर झपाट्याने वाढतो. ओल्या जमिनीवरून सरपटत तो एका डबक्यातून दुसऱ्या डबक्यात जाऊ शकतो, म्हणून तळ्याला कुंपण घालून तो अडत नाही.

तिसरे दार काचेच्या टाकीचे. टाकीतील शेवाळ खातो म्हणून विकला जाणारा सकर मासा हातभर वाढला की लोक कंटाळतात आणि जीव घेणे नको म्हणून नदीत सोडतात. त्याच्या अंगावर काटेरी चिलखत असते, जाळ्यात अडकला की जाळे फाडतो, काठाच्या मातीत बिळे करून अंडी घालतो. पुण्य म्हणून नदीत मासे सोडण्याची चालही आहे. येत्या कुंभमेळ्याच्या काळात रामकुंडावर येणाऱ्या भाविकांशी याविषयी आदराने बोलावे लागेल; सोडणाऱ्याच्या मनात दयाच असते, म्हणून त्याला दोष देऊन उपयोग नाही, सोडलेल्या माशाचे पुढे काय होते आणि तो इतरांचे काय करतो एवढे सांगितले पाहिजे.

चौथ्या दाराविषयी, म्हणजे डासांच्या अळ्या खाणाऱ्या माशांविषयी, या क्षेत्रात काम करणाऱ्या कोणी लिहिल्यास बरे होईल.

हे सगळे कशासाठी, असा प्रश्न ग्रामसभेत येईल. त्यासाठी एक उदाहरण देतो. देवळालीजवळ दारणा नदीत सापडलेल्या एका बोटभर माशाचे वर्णन सुंदरलाल होरा आणि मिश्रा या शास्त्रज्ञांनी १९३८ मध्ये केले. शास्त्रीय नाव पॅराप्सिलोऱ्हिंकस प्रॅटेरी. खडकाळ, वाहत्या, स्वच्छ पाण्यात राहणारा हा मासा संकटग्रस्त जातींच्या जागतिक यादीत अतिसंकटग्रस्त म्हणून नोंदला आहे आणि त्याची ओळखच मुळी नाशिक जिल्ह्याशी जोडलेली आहे. तो धोक्यात येण्यामागे प्रदूषण आणि बदललेले प्रवाह हीही कारणे आहेत. सगळे खापर परक्या माशांवर फोडणे शास्त्राला धरून होणार नाही. पण आधीच कोपऱ्यात ढकललेल्या जातीला अंडीखाऊ शेजारी परवडत नाही.

आता कायद्याविषयी. राज्यघटनेच्या सातव्या अनुसूचीत मत्स्यव्यवसाय हा राज्यसूचीतील २१ वा विषय आहे, म्हणून प्रत्येक राज्य आपापल्या जलाशयापुरता विचार करते. परंतु समवर्ती सूचीतील २९ वी नोंद माणसे, प्राणी किंवा वनस्पती यांना बाधक रोग व उपद्रवी जीव एका राज्यातून दुसऱ्या राज्यात पसरू नयेत, यासाठीच आहे. शिवाय वन्यजीव संरक्षण अधिनियमात २०२२ च्या दुरुस्तीने कलम ६२-अ आले आहे, ज्यानुसार आक्रमक परक्या जातींची आयात, व्यापार, बाळगणे आणि प्रसार यांचे नियमन किंवा त्यांवर बंदी केंद्र सरकार अधिसूचनेद्वारे करू शकते. गोदावरी नाशिकमधून निघून तेलंगण आणि आंध्र प्रदेशात जाते, तेव्हा ही तरतूद आपल्या कामाची आहे.

समन्वय कसा असतो, याचा एक चांगला नमुना उत्तर अमेरिकेतील महासरोवरांचा आहे. तिथे समुद्री लॅम्प्रे हा रक्त शोषणारा मासा जहाजांच्या कालव्यातून वर चढला आणि मासेमारी बुडाली, तेव्हा अमेरिका आणि कॅनडा यांनी १९५५ मध्ये संयुक्त आयोग स्थापन केला. पुढे १९८१ मध्ये सरोवरांभोवतीची आठ राज्ये, ऑंटारिओ प्रांत आणि संघराज्य पातळीवरच्या यंत्रणा यांनी एक करार केला. त्यात कोणाचाही अधिकार काढून घेतलेला नाही. ज्या निर्णयाचा परिणाम दुसऱ्याच्या पाण्यावर होणार आहे, तो घेण्यापूर्वी दुसऱ्याला विचारायचे आणि सहमतीने पुढे जायचे, एवढेच त्याचे सार आहे. त्याच सरोवरांच्या दाराशी आज चंदेरा आणि त्याचा भाऊबंद बिगहेड कार्प उभा आहे, आणि त्यांना अडवण्यासाठी शिकागोच्या कालव्यात २००२ पासून विजेचे अडथळे चालवावे लागत आहेत. चंदेरा आपल्याकडेही सुटलेला आहे. हिमाचल प्रदेशातील गोविंदसागरात तो १९७१ मध्ये एका मत्स्यकेंद्रातून निसटून पोहोचला आणि पुढे कटल्याला मागे सारून जलाशयाचा धनी झाला. कोणी जाणूनबुजून सोडलेलाही नव्हता.

म्हणून माझे मत असे की ठरावात बंदी ही दुय्यम मागणी ठेवावी. मुख्य मागणी ही असावी की गोदावरी खोऱ्यात कोणत्याही विभागाने, संस्थेने किंवा व्यक्तीने कोणताही मासा सोडण्यापूर्वी जिल्ह्यात एकाच ठिकाणी विचारले पाहिजे आणि त्या ठिकाणी मत्स्यव्यवसाय, जलसंपदा, वन, आरोग्य हे चारही विभाग एकत्र बसलेले असले पाहिजेत.

दारणाकाठचा (इगतपुरी)

सरांनी लिहिलेले बहुतेक पटते, पण आम्हा मच्छीमारांची बाजू कोणीतरी मांडली पाहिजे, म्हणून लिहितो. मी मच्छीमार सहकारी संस्थेचा सभासद आहे. आमच्या घरात तीन पिढ्या हाच व्यवसाय आहे.

जलाशय ठेक्याने घेतला की बीज सोडण्याची अट असते. बोटुकली आम्ही पैसे मोजून आणतो. दोन वर्षांपूर्वी एका विक्रेत्याकडून रोहू आणि मृगळ म्हणून बोटुकली घेतली. प्राणवायू भरलेल्या पिशव्यांतून ती पहाटे आली, पिशव्या अर्धा तास पाण्यावर तरंगत ठेवल्या, मग तोंडे सोडली. बोटभर लांबीचे पिल्लू पिशवीत ओळखू येत नाही. पाच महिन्यांनी जाळे टाकले तेव्हा त्यात चिलापी निघाली, जिचे आम्ही पैसेही दिले नव्हते आणि जी आम्हाला नकोही होती. दोष मात्र संस्थेच्या नावावर लागला. तेव्हा तपासणी करायचीच असेल, तर ती बीज जिथे तयार होते तिथे, पिशवी बांधण्यापूर्वी व्हावी. कोणत्या केंद्रातले बीज आहे, कोणत्या तारखेचे आहे आणि त्यात काय आहे, याचा दाखला पिशवीसोबत यावा. धरणाच्या काठावर येऊन आम्हाला अडवण्यात अर्थ नाही.

दुसरी गोष्ट. आज अनेक ठिकाणी आमच्या घरची चूल चिलापीवर चालते. ती कमी भावाने जाते, पण रोज मिळते. उद्या सरसकट बंदी आली, तर नदीतली चिलापी तशीच राहील आणि जाळ्यात आलेली आम्हाला लपवून विकावी लागेल. मग तुम्हाला नोंदही मिळणार नाही. माझे म्हणणे असे की मेलेली चिलापी विकायला पूर्ण मुभा द्यावी, उलट जास्तीत जास्त पकडायला उत्तेजन द्यावे, आणि जिवंत नेण्यावर मात्र कडक बंदी असावी. जिवंत मासा पिंपात घालून नेला जातो तो दुसऱ्या तळ्यात सोडण्यासाठीच. हे कळायला शास्त्रज्ञ लागत नाही. मांगुराचेही तसेच आहे.

आणि समिती नेमाल, तर तिच्यात मच्छीमार संस्थेचा माणूस बसवा. जाळ्यात नवीन मासा आला, तर तो सगळ्यांत आधी आम्हाला दिसतो.

आरोग्य सेविका (सिन्नर)

अध्यापक सरांनी चौथ्या दाराविषयी विचारले आहे. हिवताप आणि डेंग्यू यांच्या प्रतिबंधासाठी आम्ही पाण्याच्या टाक्यांत, हौदांत आणि साचलेल्या पाण्यात गप्पी मासे सोडतो. गप्पी दक्षिण अमेरिकेतला आहे आणि गम्बुशिया हा दुसरा मासा १९२८ मध्ये आपल्या देशात आला, हे मला प्रशिक्षणात सांगितले गेले होते. नदी, ओढा किंवा जिवंत झरा असेल तिथे सोडू नयेत, असे मात्र आमच्यापैकी अनेकींना कोणी स्पष्ट सांगितलेले नाही. बंदिस्त टाकीत सोडलेला मासा बाहेर जात नाही. विहिरी आणि नाल्यांच्या बाबतीत लेखी सूचना मिळाली, तर आम्ही ती नक्की पाळू. कृपया ठरावात आरोग्य विभागाचा उल्लेख टाळू नका आणि आमचे काम बंद पाडा, असेही त्यात येऊ देऊ नका. पावसाळ्यात डेंग्यूचे रुग्ण आम्ही घरोघर पाहतो.

प्राणिशास्त्र अध्यापक (कॉलेज रोड)

ताईंचे म्हणणे पूर्ण योग्य आहे. वाहत्या पाण्यासाठी आपला स्थानिक मासाही आहे. डोक्यावर चांदीसारखा ठिपका असलेला, पाण्याच्या पृष्ठभागालगत फिरणारा ॲप्लोकायलस डासांच्या अळ्या खातो. जिथे बंदिस्त टाकी नाही, तिथे त्याचा विचार व्हावा, अशी शिफारस ठरावात करता येईल.

दारणाकाठच्या दादांची जिवंत वाहतुकीवरील बंदीची सूचना मला माझ्या सूचनेपेक्षा अधिक उपयुक्त वाटते, कारण ती अमलात आणता येते. पोलीस किंवा तपासणी नाक्यावरचा कर्मचारी माशाची जात ओळखू शकेलच असे नाही, पण पिंपातला मासा जिवंत आहे की नाही, हे कोणालाही दिसते. एक भर घालतो. चिलापीच्या तोंडात अंडी असतात, तेव्हा जाळे आणि पेट्या एका जलाशयातून दुसऱ्या जलाशयात नेण्यापूर्वी कडक उन्हात वाळवण्याचा नियम संस्थांनी स्वतःच करावा.

कादवाकाठ (निफाड)

सर्वांचे मनापासून आभार. बंदीची मागणी करायची, एवढेच मनात धरून मी आलो होतो. आता मसुदा वेगळाच झाला आहे. तो येथे देत आहे.

"ही ग्रामसभा जिल्हाधिकाऱ्यांना विनंती करते की गोदावरी, दारणा, कादवा व त्यांच्या उपनद्यांवरील जलाशय, कालवे व शेततळी यांत कोणत्याही जातीचे मासे सोडण्यापूर्वी पूर्वसूचना घेणारी व मत देणारी एकच जिल्हास्तरीय समिती नेमावी, तिच्यात मत्स्यव्यवसाय, जलसंपदा, वन व आरोग्य या विभागांसह मच्छीमार सहकारी संस्थांचा आणि ग्रामपंचायतींच्या जैवविविधता व्यवस्थापन समित्यांचा प्रत्येकी एक प्रतिनिधी असावा. मत्स्यबीज केंद्रातून निघणाऱ्या प्रत्येक खेपेसोबत जातीचा दाखला असावा. आफ्रिकन मांगूर कोणत्याही अवस्थेत आणि चिलापी जिवंत अवस्थेत नेण्यास जिल्ह्यात मनाई असावी. नदीतून पकडलेली मृत चिलापी विकण्यास मुभा असावी. डास प्रतिबंधासाठी परके मासे केवळ बंदिस्त साठ्यांत सोडावेत. खोऱ्याबाहेरून पाणी आणणाऱ्या प्रत्येक प्रकल्पाच्या अहवालात दोन्ही खोऱ्यांतील माशांची पाहणी सक्तीची असावी."

पाटबंधारेवाल्या साहेबांना एक विचारायचे आहे. जायकवाडीसाठी पाणी सोडण्याच्या तक्त्यात माशांचा रकाना असावा, असे आपण म्हणालात. तो कोणी भरावा आणि कसा, हे दोन ओळींत सांगितलेत, तर तेही मसुद्यात घेतो. आपल्या सूचनेप्रमाणे माझ्या तळ्याच्या सांडव्यावर काल जाळी बसवली. काकांनी आपल्या जाळ्यातील माशांची जातवार मोजणी दर अमावास्येला आमच्या लोक जैवविविधता नोंदवहीत लिहून देण्याचे मान्य केले आहे. पहिल्या पानावर एक वाम, दोन शिंगटे आणि सत्तावीस चिलापी अशी नोंद झाली आहे.